सीएनसी लेथवर गोलाईचा जॉब: ड्रॉइंगपासून पहिल्या पीसपर्यंत

साकीनाका, मरोळ, वागळे इस्टेट, रबाळे, वसई. मुंबईच्या आसपास कुठल्याही गाळ्यात सीएनसी लेथ दिसतेच, आणि तिच्यासमोर आयटीआय करून नुकताच लागलेला एखादा मुलगा किंवा मुलगी असते. पहिल्या काही महिन्यांत जॉब लावणं, काढणं, मायक्रोमीटर धरणं जमतं. साध्या पायऱ्यांच्या शाफ्टचा प्रोग्रामही बघून बघून लिहिता येतो. गाडी अडते ती ड्रॉइंगवर पहिल्यांदा कंस दिसतो तेव्हा. टोकाला अर्धगोल, मग सरळ भाग, मग टेपर, मग खांद्याच्या कोपऱ्यात रेडियस. असा जॉब आला की नवखा माणूस सेटरची (मशीन लावून देणाऱ्याची) वाट बघत बसतो. ही वाट बघायला लागू नये म्हणून हा लेख आहे.

कॅम, म्हणजे ड्रॉइंगवरून प्रोग्राम बनवून देणारं सॉफ्टवेअर, असताना हे हाताने कशाला शिकायचं, असं बरेच जण विचारतात. माझं मत ठाम आहे: निदान पहिले काही जॉब हातानेच लिहावेत. लहान गाळ्यात दुरुस्ती मशीनवर, उभ्याउभ्या करावी लागते. कॅममधून आलेल्या प्रोग्रामात बारीक तुकड्यांच्या शेकडो ओळी असल्या, तर त्यातल्या कुठल्या ओळीला हात लावायचा ते कळत नाही. हाताने लिहिलेल्या प्रोग्रामात आकाराच्या दहा-बाराच ओळी असतात आणि त्यातली जवळपास प्रत्येक ओळ ड्रॉइंगच्या एका रेषेशी जुळते. माप चुकलं तर कुठे बघायचं ते लगेच समजतं.

इथली उदाहरणं फॅनक कंट्रोलची (मशीन चालवणाऱ्या कॉम्प्युटरची) आहेत, कारण आपल्याकडच्या गाळ्यांत तो खूप दिसतो. मशीनच्या कीवर अक्षरं रोमन लिपीत असतात, इथे ती नागरीत लिहिली आहेत. टाइप करताना त्या त्या अक्षराची की दाबायची.

आपला जॉब

मटेरियल ईएन८ (मध्यम कार्बनचं स्टील), बार ४० मिमी व्यासाचा. टोकाला १० मिमी रेडियसचा अर्धगोल. त्याच्या मागे २० मिमी व्यासाचा सरळ भाग, टोकापासून २० मिमीपर्यंत. मग १५ मिमी लांबीत व्यास २० वरून २८ वर जाणारा टेपर. मग २८ व्यासाचा भाग. टोकापासून ५० मिमीवर खांदा, आणि त्याच्या आतल्या कोपऱ्यात ४ मिमी रेडियस. खांद्याचा व्यास ३८, कडेला १ मिमीचा ४५ अंशाचा चॅम्फर (तिरकी तासलेली कड). एकूण लांबी ६० मिमी.

मशीनकडे जाण्याआधी कागद घ्या. खरं काम कागदावर होतं, मशीनवर फक्त ते टाइप करायचं असतं.

लेथला दोन अक्ष असतात. झेड हा स्पिंडलच्या (जॉब फिरवणाऱ्या दांड्याच्या) लांबीचा अक्ष, चकपासून (जॉब धरणाऱ्या पकडीपासून) दूर जाताना अधिक. एक्स हा व्यासाचा अक्ष, मध्यापासून बाहेर जाताना अधिक. फॅनक लेथवर एक्सचा आकडा बहुतेक ठिकाणी व्यासातच लिहितात. म्हणजे एक्स २० लिहिलं तर टूलचं टोक मध्यापासून १० मिमीवर थांबतं. झेड शून्य आपण जॉबच्या तयार टोकावर धरणार आहोत, त्यामुळे चककडे जाणारी सगळी मापं उणे येतील.

आता ड्रॉइंगवर जिथे जिथे रेषेचा प्रकार किंवा दिशा बदलते तिथे टिंब काढा, त्याला नंबर द्या आणि शेजारी दोन आकडे लिहा:

१ : एक्स ०, झेड ०
२ : एक्स २०, झेड -१० (अर्धगोल संपला)
३ : एक्स २०, झेड -२० (टेपर सुरू)
४ : एक्स २८, झेड -३५ (टेपर संपला)
५ : एक्स २८, झेड -४६ (कोपऱ्याचा रेडियस सुरू)
६ : एक्स ३६, झेड -५० (रेडियस संपला, चॅम्फर सुरू)
७ : एक्स ३८, झेड -५१
८ : एक्स ३८, झेड -६०

पाच आणि सहा नंबरवर नवे लोक हमखास गोंधळतात, म्हणून तिथे जरा थांबू. खांदा झेड -५० वर आहे आणि रेडियस ४ चा आहे, म्हणजे कंस खांद्याच्या ४ मिमी आधी, झेड -४६ वर सुरू होतो. त्या चार मिमीत टूल मध्यापासूनही ४ मिमी बाहेर जातं. पण एक्स व्यासात असल्यामुळे व्यास ८ ने वाढतो: २८ अधिक ८, म्हणजे ३६. इथे ३२ लिहिलं की एकतर अलार्म येतो, नाहीतर वेडावाकडा कंस निघतो. चॅम्फरलाही हाच नियम: १ मिमी चॅम्फर, व्यासात २.

आपल्या जॉबमध्ये अर्धगोल सरळ भागाला जाऊन मिळतो, म्हणून स्पर्शबिंदू आपोआप मिळाला. ड्रॉइंगवर गोलाई थेट टेपरला मिळत असेल तर थोडी त्रिकोणमिती लागते. समजा १० चाच रेडियस आहे आणि टेपर अक्षाशी १५ अंशांचा कोन करतो. गोलाचं केंद्र झेड -१० वर. स्पर्शबिंदूचा व्यास २ गुणिले १० गुणिले कॉस १५, म्हणजे १९.३१९. झेड -१० अधिक १० गुणिले साइन १५, म्हणजे -७.४१२. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होणारं काम आहे. फक्त कॅल्क्युलेटर डिग्रीवर आहे की रेडियनवर, ते आधी बघा.

जी०२ की जी०३

टूल कसं चालायचं ते जी कोड सांगतो: जी०० म्हणजे न काटता वेगाने सरकणं, जी०१ म्हणजे सरळ रेषेत काटणं. घड्याळाच्या काट्याच्या दिशेने जाणारा कंस जी०२, उलट्या दिशेचा जी०३. चित्र काढताना झेड अधिक उजवीकडे आणि एक्स अधिक वर ठेवा, म्हणजे गोंधळ होत नाही. आपण उजवीकडून डावीकडे, टोकाकडून चककडे काटत जातो. टोकाची गोलाई बाहेर फुगलेली आहे: टूल मध्यापासून वर चढत डावीकडे वळतं, म्हणजे काट्याच्या उलट, जी०३. कोपऱ्याची गोलाई आत गेलेली आहे: टूल डावीकडे जाता जाता वर वळतं, म्हणजे जी०२. बाहेरून टर्निंग करताना आणि चककडे जाताना फुगलेल्याला ०३, खोलगटला ०२. पाठ करायला हरकत नाही, पण बोअरिंगला (आतून भोक काटताना) हे उलटतं, म्हणून एकदा बोट फिरवून खात्री करून घ्यावी.

कंसाचा आकार सांगायला आर हे अक्षर पुरेसं आहे. आय आणि के वापरून केंद्राचं अंतरही देता येतं, पण नव्या माणसाने आर वापरावा.

इन्सर्ट कुठला लावायचा

इन्सर्ट म्हणजे होल्डरमध्ये बसणारा, काटणारा बदलता तुकडा. रफिंगला (जास्तीचं मटेरियल काढायला) सीएनएमजी १२०४०८. हा ८० अंशांचा मजबूत इन्सर्ट आहे. नावातले शेवटचे दोन आकडे नोज रेडियस, म्हणजे टोकाची गोलाई, सांगतात: ०८ म्हणजे ०.८ मिमी. फिनिशिंगला (शेवटच्या मापावर आणायला) व्हीएनएमजी १६०४०४, ३५ अंशांचा, ०.४ नोजचा. मुंबईत नागदेवीच्या बाजारात इन्सर्ट आणायला गेलात तर नुसतं 'व्हीएनएमजी' म्हणू नका. पूर्ण नंबर, मटेरियल आणि रफिंग की फिनिशिंग हे सांगा. चिपब्रेकर आणि ग्रेड त्यावरच ठरतात. स्टीलचा इन्सर्ट ॲल्युमिनियमला लावून फिनिश येत नाही म्हणून डोकं धरून बसणारे बरेच असतात.

इन्सर्टच्या कोनाकडे लक्ष द्यायचं आणखी एक कारण आहे. सीएनएमजी नेहमीच्या ९५ अंशांच्या होल्डरमध्ये बसवला की त्याच्या मागच्या धारेला फक्त ५ अंश मोकळीक उरते. म्हणजे चककडे जाताना व्यास पुन्हा कमी होत असेल, जॉबला कंबर असेल, तर ५ अंशांपेक्षा जास्त उतारावर इन्सर्टची पाठ घासते. ९३ अंशांच्या होल्डरमध्ये ५५ अंशांच्या डीएनएमजीला ३२ अंश मिळतात, ३५ अंशांच्या व्हीएनएमजीला ५२. आपल्या जॉबमध्ये व्यास सतत वाढतच जातो, म्हणून रफिंगला सीएनएमजी चालतो.

नोज रेडियस: सगळी गोम इथे आहे

हा भाग सावकाश वाचा. गोलाईचे जॉब बिघडतात ते बहुतेक इथेच.

आपण टूलचा ऑफसेट घेतो, म्हणजे टूलचं टोक कुठे आहे ते मशीनला सांगतो, तेव्हा एक्स वेगळा टच करतो, झेड वेगळा. त्या दोन मापांनी जे टोक ठरतं ते काल्पनिक असतं. इन्सर्टचं टोक प्रत्यक्षात गोल असतं, त्या काल्पनिक बिंदूवर धातू नसतोच. सरळ व्यास किंवा सपाट फेस काटताना याने काही बिघडत नाही, कारण तिथे गोल टोकाची नेमकी तीच बाजू लागते जी आपण टच केली होती. टेपर आणि कंसावर मात्र टोकाचा मधला भाग काटतो, आणि तो काल्पनिक बिंदूच्या मागे असतो. परिणामी मटेरियल शिल्लक राहतं.

किती राहतं ते काढून पाहू. आपला टेपर अक्षाशी साधारण १४.९ अंश करतो. ०.४ नोज असताना भरपाई न देता काटलं, तर टेपरवर व्यास सुमारे ०.१८ मिमी जाड येतो. ०.८ नोज असेल तर दुप्पट, ०.३७ च्या आसपास. टोकाच्या गोलाईचा रेडियस १० ऐवजी ९.६ येतो आणि त्याचं केंद्रही सरकतं. कोपऱ्याचा रेडियस ४ ऐवजी ४.४ येतो. २० आणि २८ चे सरळ व्यास मात्र मायक्रोमीटरवर अगदी बरोबर दिसतात, त्यामुळे माणूस चक्रावतो.

यावर उपाय म्हणजे नोज रेडियस भरपाई, जी४१ आणि जी४२. टूल ज्या दिशेने जातंय तिकडे तोंड करून उभे आहात असं समजा. टूल जॉबच्या रेषेच्या उजवीकडे असेल तर जी४२, डावीकडे असेल तर जी४१. बाहेरचं टर्निंग चककडे जाताना जी४२, बोअरिंग चककडे जाताना जी४१. रद्द करायला जी४०.

पण प्रोग्रामात जी४२ लिहून भागत नाही. ऑफसेट पेजवर त्या टूलच्या ओळीत आर या रकान्यात नोज रेडियस आणि टी या रकान्यात टोकाची दिशा भरावी लागते. नेहमीच्या बाहेरच्या टर्निंग टूलला दिशा ३, बोअरिंग बारला २. आर शून्य राहिला तर जी४२ असूनही काहीच होत नाही, आणि अलार्मही येत नाही. दिशा चुकीची भरली तर सगळा आकार सरकतो. इन्सर्ट बदलताना ०.४ च्या जागी ०.८ लावला आणि पेजवर आकडा तसाच राहिला, तरी टेपर आणि गोलाई चुकतात. ऑफसेट पेजवर मापं बघता तेव्हा या दोन रकान्यांवरही नजर टाकायची सवय लावून घ्या.

भरपाई चालू करताना टूल सरळ रेषेत, जॉबपासून दूर, निदान नोज रेडियसपेक्षा जास्त अंतर चाललं पाहिजे. कंसाच्या ओळीवर जी४२ चालू करता येत नाही. आणि आतल्या कोपऱ्याचा रेडियस नेहमी नोज रेडियसपेक्षा मोठा असला पाहिजे. आपला ४ चा आहे, काळजी नाही.

स्पीड आणि फीड

ईएन८ ला कोटेड कार्बाइड इन्सर्टने रफिंग मिनिटाला १८० मीटर आणि फिनिशिंग २२० मीटर, ही सुरुवातीला धरायची ठीक मापं. पक्का आकडा इन्सर्टच्या डबीवर असतो, तो बघावा. जी९६ दिला की मशीन व्यासाप्रमाणे आरपीएम स्वतः बदलत राहते. ४० व्यासावर १८० मीटर म्हणजे १४३२ आरपीएम. व्यास निम्मा झाला की आरपीएम दुप्पट. मध्यावर व्यास शून्य, म्हणजे हिशोबाने आरपीएम अनंत. म्हणून जी५० ने कमाल मर्यादा बांधायलाच हवी. ती न बांधता जी९६ वापरणं म्हणजे चकमधून जॉब सुटायला आमंत्रण आहे. आपण २५०० ठेवू. चकवर लिहिलेली कमाल मर्यादा याहून कमी असेल तर ती पाळा.

या मर्यादेमुळे फिनिशिंगमध्ये २८ व्यासाच्या खाली कटिंग स्पीड घसरत जातो आणि अर्धगोलाच्या अगदी टोकाला जवळजवळ शून्य होतो. टोकाची चमक थोडी कमी दिसते ती यामुळे. ती टूलची चूक धरू नका.

फीड (एका फेऱ्यात टूल किती सरकतं ते) फिनिशिंगला ०.१ मिमी ठेवू. खरबरीतपणाची उंची साधारण फीडचा वर्ग भागिले आठ पट नोज रेडियस इतकी येते. ०.१ फीड, ०.४ नोज म्हणजे सुमारे ३ मायक्रॉन. फीड ०.२ केला तर १२ मायक्रॉनच्या पुढे.

प्रोग्राम

ओ०१०१
जी२१ जी४० जी९९
जी२८ यू०
जी२८ डब्ल्यू०
टी०१०१
जी५० एस२५००
जी९६ एस१८० एम०३
जी०० एक्स४४. झेड५. एम०८
झेड०.१
जी०१ एक्स-२. एफ०.१५
जी०० झेड२.
एक्स४२.
जी७१ यू१.५ आर०.५
जी७१ पी१० क्यू२० यू०.४ डब्ल्यू०.१ एफ०.२५
एन१० जी०० एक्स-२.
जी०१ झेड० एफ०.१
एक्स०
जी०३ एक्स२०. झेड-१०. आर१०.
जी०१ झेड-२०.
एक्स२८. झेड-३५.
झेड-४६.
जी०२ एक्स३६. झेड-५०. आर४.
जी०१ एक्स३८. झेड-५१.
झेड-६०.
एन२० एक्स४२.
जी०० एक्स१५०. झेड१५०. एम०९
एम०१
टी०३०३
जी५० एस२५००
जी९६ एस२२० एम०३
जी०० एक्स४४. झेड५. एम०८
जी४२ एक्स४२. झेड२.
जी७० पी१० क्यू२०
जी४० जी०० एक्स१५०. झेड१५०. एम०९
एम०५
जी२८ यू०
जी२८ डब्ल्यू०
एम३०

एन१० ते एन२० मधल्या ओळी बघा. कागदावरचे आठ बिंदूच तिथे आले आहेत. हा तयार आकार. जी७१ तो वाचतं आणि रफिंगचे पास स्वतः पाडतं. इथे चौदा-पंधरा पास होतील.

जी७१ च्या दोन ओळींत दोन यू आहेत आणि त्यांचे अर्थ वेगळे आहेत. पहिला यू म्हणजे एका पासची खोली, आणि ती रेडियसमध्ये. १.५ लिहिलं तर व्यास ३ ने कमी होतो. दुसरा यू म्हणजे फिनिशिंगसाठी सोडायचं मटेरियल, आणि ते व्यासात. ही सरमिसळ करून पहिल्या यू मध्ये ३ लिहिलं तर टूल व्यासात ६ मिमी घ्यायला जातं आणि छोट्या मशीनचा स्पिंडल कण्हायला लागतो. पहिल्या ओळीतला आर म्हणजे पास संपल्यावर टूल किती मागे यायचं ते. पी आणि क्यू म्हणजे आकाराची पहिली आणि शेवटची ओळ.

रफिंग जी७१ च्या ओळीतल्या ०.२५ फीडने होतं. एन१० नंतर लिहिलेला ०.१ फीड फक्त जी७० च्या फिनिशिंगला लागू होतो. 'फीड बदलला तरी रफिंग तसंच चाललंय' ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते.

एन१० ला थेट एक्स० वर न जाता एक्स-२. वर गेलो, त्याला कारण आहे. भरपाई चालू असताना थेट एक्स० वरून झेडमध्ये उतरलं, तर कंट्रोल टूलचं केंद्र नोज रेडियसइतकं वर धरतो आणि अगदी मध्यावर बारीक पुटकुळी राहते. मध्याच्या खालून सुरुवात करून फेसवरून वर आलं की टूल अर्धगोलात अलगद शिरतं. म्हणूनच फेसिंगही झेड० वर न करता झेड०.१ वर केलं. शेवटचा ०.१ मिमी फिनिशिंगच्या टूलने घ्यावा.

शून्य सोडून प्रत्येक मापात टिंब आहे ते पाहिलंत? बऱ्याच फॅनक मशीनवर एक्स२० असं टिंबाशिवाय लिहिलं तर त्याचा अर्थ २० मिमी नसून २० मायक्रॉन होतो. टूल सरळ मध्याकडे धावतं. टाइप करून झाल्यावर फक्त टिंबं तपासण्यासाठी एकदा प्रोग्राम वाचा.

स्पिंडलला एम०३ की एम०४, हे टरेट (टूल्स धरणारं फिरतं डोकं) पुढे आहे की मागे आणि टूल उलटं बसलंय की सुलटं यावर ठरतं. शेजारी चालू असलेला जुना प्रोग्राम बघा, नाहीतर सेटरला विचारा. अंदाजाने चालवू नका.

मशीनवर

बार चकच्या बाहेर ७५ ते ८० मिमी काढा. ६० मिमीचा जॉब, मागे पार्टिंगला (जॉब कापून वेगळा करायला) जागा आणि जॉ पासून टूलला अंतर, एवढं त्यात बसतं. व्यासाच्या अडीच-तीन पटीपेक्षा जास्त बाहेर आलं की बार थरथरतो आणि गोलाईवर लाटा उमटतात.

ऑफसेट घेताना पहिल्या टूलने फेसला हलका कट घ्या आणि तो फेस झेड१. म्हणून मेझर करा, म्हणजे फेसिंगला जवळपास एक मिमी मटेरियल राहील. एक्ससाठी बारवर थोडं टर्निंग करा, टूल एक्समध्ये न हलवता झेडमध्ये बाहेर काढा, स्पिंडल थांबवा, मायक्रोमीटरने मोजा आणि आलेला व्यास भरा. फिनिशिंग टूल त्याच फेसला आणि त्याच व्यासाला टच करून तेच आकडे भरा. तीन नंबरच्या ओळीत आर ०.४, टी ३. एक नंबरला आर ०.८, टी ३. सगळी टूल्स स्पिंडलच्या मध्याच्या उंचीला आहेत ना तेही बघा. टूल खाली-वर असेल तर मध्यावर पुटकुळी राहतेच, प्रोग्राम कितीही बरोबर असो.

मग ग्राफिक्सवर रेषा बघा. कंस उलटा असेल तर तिथेच दिसतो. त्यानंतर वर्क शिफ्टमध्ये झेड ८० मिमी बाहेर सरकवून हवेत चालवा: सिंगल ब्लॉक (एका वेळी एकच ओळ) चालू, रॅपिड २५ टक्के, एक बोट फीड होल्डवर (चाल थांबवायच्या बटणावर). स्क्रीनवरचं 'किती जायचं बाकी' हे अंतर आणि टूलचं खरं अंतर डोळ्याने जुळवत राहा. पटलं की शिफ्ट परत शून्य करा. शून्य केलं हे दुसऱ्या कुणाला तरी मोठ्याने सांगा, म्हणजे विसर पडत नाही. पहिला पीस काटताना फिनिशिंग टूलच्या, म्हणजे तीन नंबरच्या, एक्समध्ये ०.२ जास्त ठेवून चालवा. मोजून मग मापावर आणता येतं. कमी झालेलं मटेरियल परत येत नाही.

चिप लांब दोऱ्यासारखी येऊन चकला गुंडाळायला लागली तर मशीन थांबवा आणि हूकने काढा. हातमोजे घालून फिरत्या चकजवळ हात न्यायचा नाही, कुणी कितीही घाई केली तरी.

मोजणं आणि दुरुस्ती

आधी २० आणि २८ चे सरळ व्यास मोजा. दोन्ही सारख्याच फरकाने जाड असतील, समजा ०.०६ ने, तर तीन नंबरच्या वेअर ऑफसेटमधल्या (बारीक दुरुस्तीच्या रकान्यातल्या) एक्समधून ०.०६ वजा करा आणि फिनिशिंग पुन्हा चालवा. प्रोग्रामातल्या आकड्यांना हात लावू नका.

सरळ व्यास बरोबर, पण टेपर जाड आणि रेडियस गेज टोकावर बसत नाही: आर रिकामा आहे किंवा जी४२ लागलेला नाही. सरळ व्यास बरोबर, पण टेपर बारीक आणि गोलाई खोल गेली: आर मध्ये खऱ्यापेक्षा मोठा आकडा आहे. २० चा व्यास बरोबर आणि २८ चा जाड, किंवा उलटं: बार वाकतोय का, जॉ नीट धरतायत का ते बघा, कारण प्रोग्रामातून असा फरक सहसा येत नाही. खांद्याची लांबी चुकली तर झेडचा वेअर. रेडियस गेज उजेडासमोर धरून बघायची. फट मधे दिसते की कडांना, त्यावरून गोलाई लहान झाली की मोठी ते कळतं.

सकाळचा पहिला पीस आणि दोन तासांनंतरचा पीस यांत काही मायक्रॉनचा फरक येतो, कारण स्पिंडल आणि बॉलस्क्रू तापतात. बारीक टॉलरन्स असेल तर मशीन थोडा वेळ रिकामी फिरवून मग माप पक्कं करा. आणि पावसाळ्यात तयार पीस ट्रेमध्ये कूलंटने ओले तसेच रात्रभर ठेवले, तर मुंबईच्या दमट हवेत ईएन८ ला सकाळी तांबूस डाग दिसतात. पुसून, गंजरोधक तेल लावूनच ठेवायचे.

जॉबला कंबर असेल तर

हँडलच्या मुठीसारख्या आकारात व्यास वाढतो, मग कमी होतो, मग पुन्हा वाढतो. साधा जी७१ इथे अलार्म देतो. अनेक फॅनक कंट्रोलवर जी७१ चा दुसरा प्रकार असतो. एन१० च्या ओळीत एक्ससोबत झेड किंवा डब्ल्यू०ही लिहिलं की कंट्रोल खळगे असलेला आकार स्वीकारतो. आपल्या मशीनवर ही सोय आहे का ते मॅन्युअलमध्ये बघा. रफिंगलाही मग ५५ किंवा ३५ अंशांचा इन्सर्ट लागेल, आणि तो नाजूक असल्यामुळे पासची खोली १ मिमीच्या आत ठेवा. कित्येक जुन्या कंट्रोलवर जी७१ चं रफिंग नोज भरपाई धरत नाही, म्हणून खळग्यांच्या जॉबला फिनिशिंगचं मटेरियल थोडं जास्त, व्यासात ०.६ पर्यंत, सोडलेलं बरं.

कास्टिंग किंवा फोर्जिंग आलं, ज्याचा आकार आधीच तयार जॉबसारखा आहे, तर जी७१ वेळ वाया घालवतो, कारण तो हवेत पास मारत बसतो. तिथे जी७३ वापरा: तोच आकार थोडा थोडा आत सरकवत तो ठरलेल्या पासांत पूर्ण करतो. सीमेन्सच्या ८०२डी सारख्या कंट्रोलवर हेच रफिंगचं काम सायकल ९५ करते. आकार वेगळ्या सबप्रोग्रामात लिहून सायकलला त्याचं नाव द्यायचं. बिंदूंचा कागद मात्र तोच चालतो, त्यात एका आकड्याचाही फरक पडत नाही.